देवनागरी पोस्टमधली लिंक का सरकते?

प्रश्न : राजवाड्याजवळच्या आमच्या वाचनालयाच्या सूचना नोड-जेएसच्या स्क्रिप्टमधून, अ‍ॅट-प्रोटो लायब्ररी (ब्लूस्कायशी बोलणारा तयार कोड) वापरून ब्लूस्काय या समाजमाध्यमावर टाकतो. इंग्रजीत लिंक नीट बसते. 'इंदूर पत्रिका' असं लिहून 'पत्रिका'ला लिंक दिली, की ती 'इंदूर'च्या मध्येच लागते आणि प्रश्नचिन्हाचे चौकोन उमटतात. शिवाय दर दोन मिनिटांनी चालणारी ही स्क्रिप्ट रोज मध्येच लॉगिन नाकारल्याची चूक दाखवते. — एक वाचक, इंदूर

उत्तर : फॉन्टला दोष देऊ नका, घोळ मोजणीचा आहे. लिंकची जागा सांगणाऱ्या फॅसेटला बाइटस्टार्ट (सुरुवात) आणि बाइटएंड (शेवट) यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीतल्या बाइटमध्ये लागतात. तुम्ही शब्दाची जागा सांगणाऱ्या जावास्क्रिप्टच्या इंडेक्स-ऑफने आलेला आकडा तसाच देत असणार. जावास्क्रिप्ट देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग तो अनुस्वार असो वा वेलांटी, एक धरते. यूटीएफ-८ मध्ये त्याचेच तीन बाइट होतात. 'इंदूर' म्हणजे इ, अनुस्वार, द, ऊकार, र अशी पाच चिन्हं, वर एक स्पेस. जावास्क्रिप्टच्या हिशोबाने 'पत्रिका' ६ वर सुरू होऊन १३ वर संपते. खरे आकडे १६ आणि ३७. सहावा बाइट पडतो 'इं' संपल्यावर, तेरावा थेट 'र'च्या पोटात. अक्षर मधोमध चिरलं गेलं, म्हणून चौकोन. इंग्रजीत एका अक्षराला एकच बाइट, त्यामुळे ही चूक तिथे दिसतच नाही.

उपाय : लिंकच्या आधीचा मजकूर स्लाइसने कापा, मजकुराचे यूटीएफ-८ बाइट करून देणाऱ्या टेक्स्टएन्कोडरमधून काढा आणि त्याची लांबी बाइटस्टार्टला द्या. त्यात 'पत्रिका'चे २१ मिळवले की बाइटएंड. पूर्ण पत्ता, हॅशटॅग किंवा उल्लेख उघड लिहिलेला असेल तर एवढंही नको; त्याच लायब्ररीतल्या रिचटेक्स्टचं डिटेक्ट-फॅसेट्स हे फंक्शन ते शोधून देतं. फक्त त्याच्याआधी अवेट (काम संपेपर्यंत थांबायला सांगणारा शब्द) हवं. ते राहिलं तर उल्लेखाचा शोध पूर्ण व्हायच्या आतच पोस्ट निघून जाते. पोस्टची ३०० ची मर्यादा मात्र दिसणाऱ्या अक्षरांची आहे: 'इंदूर' तिथे तीनच. जावास्क्रिप्टच्या लेंग्थवर विसंबून मजकूर उगाच छाटू नका.

लॉगिनचं कोडं सोपं आहे. दर दोन मिनिटांनी म्हणजे दिवसाला ७२० लॉगिन, आणि ब्लूस्कायची मर्यादा एका खात्याला दिवसाला ३००. दहा तासांत कोटा खलास. पर्सिस्ट-सेशन या फंक्शनमधून मिळणारं सेशन (झालेल्या लॉगिनची नोंद) फाइलमध्ये ठेवा, पुढच्या वेळी रिझ्यूम-सेशनने उचला. सेशनमधलं टोकन (लॉगिनची डिजिटल किल्ली) नवं झालं की लायब्ररी पर्सिस्ट-सेशनला पुन्हा हाक मारते. तेव्हा फाइलही बदला, नाहीतर जुनं रिफ्रेश टोकन (नवं टोकन मिळवून देणारी किल्ली) पुढे चालत नाही. आणि स्क्रिप्टमध्ये खात्याचा मुख्य पासवर्ड नको, सेटिंगमधून अ‍ॅप पासवर्ड (अशा स्क्रिप्टसाठीचा वेगळा पासवर्ड) काढा.