प्रोजेक्शन टीव्हीत अक्षरांना लाल-निळ्या सावल्या पडतात, ट्यूब गेल्यात का? घरी दुरुस्त होईल का?

तुम्ही लिहिलंय की जुन्या मोठ्या प्रोजेक्शन टीव्हीचा आवाज ठणठणीत आहे पण प्रत्येक अक्षराला लाल आणि निळी सावली दिसते, खालच्या रेषा धनुष्यासारख्या वाकतात, आणि मेकॅनिक म्हणतो तिन्ही ट्यूब गेल्या, भंगारात काढा. एवढ्यात काढू नका. ट्यूब गेली की तो रंग फिका पडतो नाहीतर दिसतच नाही, जागा सोडून पळत नाही. हा कन्व्हर्जन्सचा, म्हणजे तिन्ही रंगांची चित्रं एकमेकांवर नीट न जुळण्याचा लोचा आहे, आणि सोल्डरिंगला हात बसलेला असेल तर घरी होतो. माझ्याकडच्या सेटला अगदी हेच झालं होतं.

आत तीन छोट्या ट्यूब असतात, लाल, हिरवी, निळी, बहुतेक सेटमध्ये ७ इंची, आणि तिघींची चित्रं आरशावरून पडद्यावर एकावर एक पडतात. तिघी शेजारी शेजारी बसलेल्या त्यामुळे कोन वेगळा, चित्रं आपोआप जुळत नाहीत, ती खेचून जुळवायला प्रत्येक ट्यूबवर जास्तीची कॉइल असते आणि त्या कॉइलला करंट देतात दोन जाडजूड आयसी, बऱ्याच सेटमध्ये एसटीके ३९२ सिरीजचे. तीन रंग, प्रत्येकाचं आडवं नि उभं, म्हणजे सहा चॅनल, एका आयसीत तीन. तापतात भयंकर, आणि बहुतेक वेळा मरतात तेच.

मागचं झाकण उघडण्याआधी मेनूतून कन्व्हर्जन्सची जाळी (पडद्यावर येणाऱ्या आडव्या-उभ्या रेषांची चौकट) लावा आणि बघा कोणता रंग हललाय, आडवा की उभा. एकच रंग एकाच दिशेला हलला असेल तर एक चॅनल गेलाय, सगळंच कोलमडलं असेल तर सप्लाय किंवा त्या लाइनवरचा फ्यूज बघायचा (काही बोर्डांवर हा फ्यूज इतका पिटुकला असतो की रेझिस्टन्सच वाटतो, मी दोन दिवस त्याच्याकडे बघत होतो). आणि कृपा करून त्या मेनूत रंग जुळवत बसू नका, सेव्ह झालं तर आधीची बरोबर सेटिंग जाते आणि दुरुस्तीनंतर दुप्पट डोकेदुखी.

आता उघडताना. रिमोटने बंद करून भागणार नाही, प्लगच काढा. ट्यूबला ३० हजार व्होल्टच्या आसपास जातात आणि बंद केल्यावरही चार्ज राहू शकतो, म्हणून ट्यूबकडे जाणाऱ्या जाड वायरींना नि रबरी टोप्यांना हात लावायचा नाही, तुमचं काम खालच्या बोर्डात आहे. बोर्डावरचे मोठे कपॅसिटर मीटरने मोजा, शून्याजवळ आल्याशिवाय बोट नको. हे वाचूनच धाकधूक होत असेल तर जाणकार माणूस सोबत घ्या, यात कमीपणा काही नाही. आरसाही पुसू नका, त्याचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो आणि साध्या फडक्याने चरे पडतात.

बोर्डावर आधी चिकट ओल आहे का बघा, ट्यूब आणि लेन्सच्या मधलं कूलंट (थंड ठेवणारं द्रव) गळून खाली आलं की ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातं, मग नुसता आयसी बदलून उपयोग नाही. नंतर आयसीचे पाय भिंगाखाली. पायाभोवती बारीक गोल चीर दिसली तर ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला जोड, जुनं सोल्डर ओढून काढून नवीन भरा, कधी कधी एवढ्यावरच टीव्ही सुधारतो.

आणि माझी चूक सांगतो. मी दोन्ही आयसी मागवले, घाईघाईत बसवले, टीव्ही लावला, मिनिटभर मस्त चित्र आणि मग परत धनुष्य. आयसी मरताना आउटपुटचे लहान ओहमचे रेझिस्टन्स पण घेऊन गेला होता आणि मी ते मोजलेच नव्हते. मोजायची सोपी युक्ती अशी की तिन्ही रंगांचे चॅनल जवळपास सारखेच असतात, त्यामुळे लालच्या आडव्यातला रेझिस्टन्स निळ्याच्या आणि हिरव्याच्या आडव्यातल्याशी ताडून बघा, जो वेगळा बोलतो तो चोर, सर्किटात शंका आली तर रेझिस्टन्सचा एक पाय बोर्डातून सोडवून, उचलून मोजा. शिवाय या आयसीत नकली माल खूप फिरतो, नंबर तंतोतंत तोच घ्या आणि स्वस्तातल्याच्या मागे लागू नका. हीटसिंकवरची (आयसीची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्टीवरची) वाळलेली पेस्ट खरवडून नवीन पातळ थर लावा आणि स्क्रू नीट घट्ट करा, ढिला राहिला तर नवा आयसी पण भाजून निघेल.

सगळं बसवल्यावर टीव्ही अर्धा तास तापू द्या, मगच जाळी लावून जुळवा. हिरव्याची जाळी सरळ असेल तर तिला हात लावू नका, लाल आणि निळा तिच्यावर आणून बसवा, आणि मगच सेव्ह. जाळीत काय दिसलं ते कमेंटमध्ये टाका, कोणता रंग, आडवा की उभा, मग कुठल्या पायापासून मोजायला सुरुवात करायची ते बघू.