टोकियोचं टीमलॅब प्लॅनेट्स: सत्तरीच्या आईला साडीत नेता येईल का? आणि नुसत्या दिव्यांसाठी एवढे पैसे घालावेत का?

साडी नको. प्लॅनेट्स हे टीमलॅब या कलाकारांच्या गटाचं, प्रकाशाच्या दालनांचं डिजिटल कलेचं संग्रहालय आहे. तिथे चपला-मोजे लॉकरमध्ये ठेवून अनवाणी फिरायचं असतं आणि एका दालनात मोठ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत पाणी येतं. भिजलेला काठ पायांत घोटाळतो. शिवाय काही दालनांत जमीनच आरशाची आहे, त्यामुळे कुठलाही घेरदार कपडा तिथे अडचणीचा. आईंना सैल सलवार घालू द्या, गुडघ्याच्या वर सहज सरकेल अशी. चुडीदार आणि लेगिंग पोटरीवरच अडतात, जीन्स भिजली की लवकर वाळत नाही, पलाझो वर खोचला तरी सुटून पाण्यात पडतो. अगदीच अडलं तर तिथे हाफ पँट वापरायला मिळते. आईंना ती चालेल का, ते त्यांनाच विचारा.

आता 'नुसते दिवे' याबद्दल. ही फोटो काढायची जागा आहे, कला नव्हे, असं माझ्या घरातही एक जण ठासून सांगतो. मला ते अजिबात मान्य नाही, आणि त्याचं कारण ते पाण्याचं दालनच आहे.

तिथलं पाणी नितळ नाही, दुधाळ आहे. नितळ पाण्यातून प्रोजेक्टरचा प्रकाश आरपार तळाशी गेला असता. दुधाळ असल्यामुळे तो पृष्ठभागावर उमटतो. त्यावर कोई (जपानी रंगीत कार्प) मासे पोहतात, म्हणजे प्रकाशाचे. ही आधी तयार करून ठेवलेली फिल्म नाही. संगणक प्रत्येक क्षणाचं चित्र त्या क्षणी तयार करतो, आणि पाण्यात उभी असलेली माणसं त्या हिशेबात धरलेली असतात. मासा माणसाला धडकला की त्याची फुलं होतात आणि पाकळ्या पसरतात. ही फुलंसुद्धा ऋतूप्रमाणे बदलतात. आत्ता दिसलेलं चित्र पुन्हा तसंच्या तसं येत नाही. एखाद्या किल्ल्यावरचा लाइट अँड साउंड शो कोणी पाहिला नाही तरी ठरल्या वेळी तसाच पार पडतो. इथे माणूस पाण्यात उतरला की चित्रच वेगळं होतं. कलाकृती आणि रोषणाई यांत मी फरक करते तो इथे.

म्हणून आत शिरल्या शिरल्या पाणी उडवत पुढे जाऊ नका. घाईत चाललात तर लाटा उठतात आणि प्रतिमा फाटते. पाय न उचलता तळाशी घासत, सावकाश सरका. भिंतीपासून थोडं आत, गर्दी विरळ असेल तिथे थांबा आणि एकाच माशावर नजर ठेवा. माशाचा माग रेषेसारखा उमटत जातो, पण नजर सतत फिरवली तर तो दिसतच नाही.

फोनही खिशातच राहू दे. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, आणि उजळ स्क्रीनकडे पाहिलं की ती कमाई बरीचशी वाया जाते. वर नाइट मोड अनेक फ्रेम एकत्र करतो, त्यामुळे हलणारा मासा नुसता पट्टा होऊन बसतो. रंगांचं संतुलन फोन स्वतःच्या मनाने करतो, म्हणून खरा गडद निळा घरी आल्यावर राखाडी निघतो. फोटोंवरून या जागेला नावं ठेवणाऱ्यांनी ती जागा पाहिलेलीच नसते. फोन खरा लागतो तो इन्फिनिट क्रिस्टल युनिव्हर्स या दालनात: वरून खाली लोंबणाऱ्या एलईडीच्या माळा, आजूबाजूला आरसे. त्यांच्या अ‍ॅपवरून एक घटक निवडून सोडला की तो तुमच्या भोवतीच्या प्रकाशात उमटतो. फोन गळ्यात अडकवायची दोरी घरूनच न्या.

बाकीचं थोडक्यात. मोठमोठ्या गोळ्यांच्या खोलीत गोळा ढकलला की त्याचा रंग बदलतो आणि तोच रंग शेजारच्या गोळ्यांत पसरत जातो. लहान मुलं असतील तर इथे वेळ ठेवा. घुमटाखाली आडवं पडून फुलं पाहायची असतात. गरगरलं तर डोळे मिटून तळवा जमिनीवर टेकवा, थोड्या वेळात सावरतं. तरंगत्या बागेतले ऑर्किड खरे, जिवंत आहेत. तुम्ही जवळ गेलात की ते वर उचलले जातात. तिथेही घाई केली तर पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही.

आईंचे गुडघे कसे आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खरं तर तेच महत्त्वाचं. सुरुवातीलाच अंधारात, वाहत्या पाण्यातून चढ चढायचा आहे. पुढे एका खोलीची जमीन गादीसारखी खचते, पाय रुतला की उठायला हाताचा आधार लागतो. ती खोली टाळायची असेल तर कर्मचाऱ्यांना आधीच सांगा. मधुमेह असेल आणि पायाला जखम किंवा टाचेला खोल भेग असेल तर पाण्यात उतरवू नका. फिट येणाऱ्यांनी तर जाऊच नये.

पाणीच नको असेल तर टीमलॅबचंच बॉर्डरलेस हे टोकियोतलं दुसरं संग्रहालय पाहा. ओदाइबा भागातलं जुनं २०२२मध्ये बंद झालं, २०२४पासून ते टोकियोतल्याच आझाबुदाई हिल्स संकुलात आहे. तिथे बूट काढावे लागत नाहीत, पण नकाशा नसतो आणि चित्रं एका खोलीतून दुसरीत जातात, तेव्हा चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा. प्लॅनेट्स शिन-तोयोसु स्टेशनला लागूनच आहे. तिकीट वेळेच्या स्लॉटप्रमाणे मिळतं आणि दर तारखेनुसार बदलतो. सकाळचा पहिला स्लॉट घ्या, आणि त्यानंतर तीन तासांच्या आत दुसरं काही ठरवू नका.