राजहंस अंगावर धावतो, बदकं घरी येत नाहीत: काय करावं?

कोंबड्या पाळणारे आमच्याकडे रोग विचारायला येतात. बदकं आणि राजहंस पाळणारे जास्त करून स्वभावाची तक्रार घेऊन येतात. चावतो, पाठलाग करतो, हाक मारली तरी येत नाही, आपसांत मारामारी करतात. अशा काही प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देत आहे. यातल्या बहुतेक तक्रारींवर औषध नाही. दिनक्रम बदलावा लागतो, नाहीतर नर-मादीचं प्रमाण, नाहीतर जागेची मांडणी.

प्रश्न (कुडाळ तालुका): आमच्या परसात राजहंसाचा एक नर आणि दोन माद्या आहेत. एक मादी अंड्यांवर बसल्यापासून नर पाणंदीने जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर धावतो. शाळेत जाणाऱ्या एका मुलाच्या पोटरीला चावला. शेजारी म्हणतात, विकून टाका. काय करावं?

उत्तर: विकायची घाई करू नका. नर पिसाळलेला नाही, राखण करतो आहे. मादी साधारण 30 दिवस अंड्यांवर बसते, तेवढा काळ तो घरट्याच्या आसपास पहारा देतो. पिल्लं बाहेर आल्यावरही काही आठवडे हाच प्रकार चालतो, मग तो निवळतो. म्हणून पहिला उपाय जागेवर करायचा. तुमचं घरटं पाणंदीला लागून आहे, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याला घरट्यावर चाल करून आल्यासारखा दिसतो. आता बसलेली मादी मात्र हलवू नका. घरटं हलवलं तर ती अंडी सोडून देण्याची शक्यता असते. पाणंदीच्या बाजूने तीन-चार फूट उंचीची माडाची झापं उभी करा आणि फटी राहू देऊ नका. रस्ता दिसेनासा झाला की नराचं धावणं बरंच कमी होतं. पुढच्या खेपेला मादी जागा शोधत फिरू लागली की घराच्या मागच्या बाजूला आडोशाला पेंढा टाकून ठेवा, म्हणजे ती आपणहून तिथे बसेल.

मुलांना नराची चिन्हं ओळखायला शिकवा. मान उंच करून मोठ्याने ओरडत असेल तर तो फक्त सावध झाला आहे. मान खाली घालून जमिनीसमांतर ताणली, चोच अर्धी उघडली आणि फुत्कार सुरू केला, की पुढची पायरी धावून येणं. अशा वेळी पाठ फिरवून पळायचं नाही. पळालं की आपण जिंकलो असं त्याला कळतं आणि दुसऱ्या दिवशी तो आणखी लांबून धावत येतो. त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं, हात पसरायचे, छत्री असेल तर ती समोर उघडायची आणि हळूहळू बाजूने सरकत निघून जायचं. दगड मारू नये, लाथ तर मुळीच नको. मार खाल्लेला नर माणसाला कायमचा शत्रू समजतो.

घरातल्या मोठ्या माणसाने याच्या पुढचं करायचं. तो धावून आला तर मागे हटू नका, उलट एक-दोन पावलं त्याच्या दिशेने टाका. बहुतेक वेळा तो वळतो. तरी आलाच तर डोक्याखाली मान हलकेच धरा, दुसऱ्या हाताने दोन्ही पंख अंगाशी दाबा आणि त्याला काखेत घ्या. पोटाला खालून आधार हवा आणि तोंड तुमच्या पाठीकडे हवं, म्हणजे चोच तुमच्या चेहऱ्यापासून लांब राहते. अंग सैल पडेपर्यंत शांतपणे धरून ठेवा, मग जमिनीवर ठेवून सोडा. पायांना धरून उलटा लटकवू नका, सांधे दुखावतात. एका पंखाला धरून उचलणंही तसंच वाईट.

एक धोका मात्र हलक्यात घेऊ नका. राजहंसाच्या पंखाचा सांधा कठीण असतो, त्याचा फटका मोठ्या माणसालाही जोरात लागतो. लहान पोराचा चेहरा तर त्याच्या चोचीच्या उंचीवरच असतो. चार-पाच वर्षांच्या मुलांना त्या बाजूला एकटं सोडू नका. आणि पिल्लं मोठी झाल्यावरही, घरट्याचा काहीच संबंध नसताना तो माणसांवर धावत राहिला, तर मग त्याला काढून टाकणंच योग्य.

हा नर एकटं पिल्लू असताना घरात हातावर वाढवलेला होता का, हेही आठवून पाहा. अंड्यातून बाहेर आल्यावर जो हलता जीव आधी दिसतो त्याच्यामागे राजहंसाची पिल्लं चालू लागतात. कोनराड लॉरेन्झ यांनी राखी हंसांवर याचा बारकाईने अभ्यास केला, 1973 सालचं नोबेल पारितोषिक मिळालेल्या शास्त्रज्ञांपैकी ते एक. माणसालाच आपली जात समजून वाढलेला नर वयात आला की माणसाशीच स्पर्धा करू लागतो. म्हणून पिल्लू एकटं वाढवू नये, निदान दोन-तीन एकत्र वाढवावीत.

प्रश्न (सावंतवाडी तालुका): 12 बदकं आहेत, त्यात 5 नर. माद्यांच्या मानेवरची पिसं गेली आहेत, एक लंगडते. एक नर तर कोंबड्यांच्या मागे लागतो.

उत्तर: ताई, तुमच्याकडे सात माद्यांना पाच नर आहेत, सगळी भानगड तिथेच आहे. सहा ते आठ माद्यांना एक नर पुरतो. नर जास्त झाले की ते एकाच मादीवर एकामागून एक चढतात, मान चोचीत पकडून ठेवतात, त्यानेच पिसं जातात. खोल पाण्यात हे झालं तर मादी खाली दाबली जाऊन बुडूनही मरते.

एक नर ठेवा. बाकीचे विका, खा किंवा वेगळ्या खुराड्यात ठेवा. माद्या नजरेआड असल्या की नुसते नर एकत्र बऱ्यापैकी शांत राहतात. नर ओळखायला शेपटीवरचं वर वळलेलं पीस पाहा, आवाजही घोगरा असतो. मोठ्याने क्वॅक-क्वॅक करते ती मादी. तुम्हाला पिल्लं नको असतील आणि फक्त खायची अंडी हवी असतील, तर एकही नर नसला तरी चालतं. नराशिवाय अंडी येणार नाहीत असं समजून उगाच नर सांभाळणारे बरेच लोक आहेत.

कोंबड्यांच्या मागे लागणारा नर आजच्या आज वेगळा करा. कोंबड्याला बाहेर येणारं लिंग नसतं, बदकाच्या नराला असतं, त्यामुळे कोंबडीला आतून जखम होते आणि ती दगावते. लंगडणाऱ्या मादीला आठवडाभर कोरड्या जागी वेगळं ठेवा, पाणी आणि खाद्य जवळ द्या. मानेवर जखम असेल तर रोज पिसं बाजूला करून पाहा. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की एका दिवसात आळ्या पडतात. तसं दिसलं तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखान्यात आणा.

प्रश्न (देवगड तालुका): खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकमाद्या आणल्या. अंडी व्हाळात (ओढ्यात) आणि झुडपात घालतात, संध्याकाळी बोलावूनही येत नाहीत. दोन रानमांजराने नेल्या.

उत्तर: बदकं बहुतेक अंडी पहाटे आणि सकाळी घालतात. तुम्ही उजाडल्याबरोबर दार उघडता, म्हणून अंडी व्हाळात जातात. सकाळी नऊपर्यंत खुराडं बंद ठेवा, आत पिण्याचं पाणी मात्र असू द्या. तीन माद्यांमागे एक खोका पुरतो, फूटभर रुंद आणि दीड फूट खोल, अंधाऱ्या कोपऱ्यात, तळाला पेंढा. त्यात एक अंडं उचलायचं नाही, ते पाहून बाकीच्या तिथेच घालतात.

घरी येण्याचं सूत्र पोटात आहे. सकाळी मूठभर द्या आणि मुख्य खाणं संध्याकाळी, रोज त्याच वेळी, खुराड्यातच. डबा वाजवा किंवा हाक मारा, पण आवाज रोज एकच ठेवा. नवी आणलेली बदकं पहिला आठवडाभर बाहेर सोडूच नका, तोवर त्यांना घर कुठलं ते कळत नाही. हाकताना लांब बांबू घ्या आणि त्यांच्या मागे तिरकं, सावकाश चाला. बदकं कळपानेच वळतात, एकीच्या मागे धावलात तर सगळी पांगतात. आणि खाण्यात बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड किंवा मका कधीही घालू नका. त्या बुरशीचं विष बदकांना कोंबड्यांपेक्षा फार लवकर मारतं.

रात्री खुराड्याजवळ जरा थांबून पाहा. झोपलेल्या कळपात कडेला बसलेल्या बदकाचा बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा दिसेल. मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून ते खरोखरच पहारा देत असतं. म्हणूनच उंदीर शिरला किंवा अचानक विजेरी मारली की अख्खा कळप घाबरून एकमेकांवर चढतो, आणि अशा दोन-तीन रात्री गेल्या की अंडी बंद होतात. रानमांजर आणि मुंगूस आत शिरणार नाही अशी बारीक जाळी लावा, खालच्या बाजूला चिरे बसवा. तूस ओला झाला की बदला.

प्रश्न (पालघर तालुका): खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली. पिल्लं निघाली, पण पावसाच्या पाण्यात खेळून तीन मेली, दोघांचे पाय वाकडे झाले.

उत्तर: खाकी कॅम्पबेल स्वतः क्वचितच उबवते, त्यामुळे खुडूक कोंबडी बरोबरच. 28 दिवस लागतात हे लक्षात ठेवा, 21 दिवसांनी ती उठू लागली तर खाणं-पाणी जवळ देऊन बसवून ठेवा. बदकाच्या आईच्या पिसांचं तेल पिल्लांना लागतं, कोंबडीकडून ते मिळत नाही. म्हणून अशी पिल्लं भिजून गारठतात. पहिले चार आठवडे पोहण्याचं पाणी नको. पिण्याचं भांडं मात्र नाकपुड्या बुडतील इतकं खोल हवं, नाहीतर कोरडं खाणं नाका-घशात अडकतं. पाय वाकडे होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात बदकाला पुरेल इतकं नायसिन हे जीवनसत्त्व नसणं. खाद्यात ताजा भाताचा कोंडा मिसळा आणि जीवनसत्त्वाच्या मात्रेसाठी दोन्ही पिल्लं लवकर दाखवून घ्या, उशीर झाला तर पाय सुधारत नाहीत.

प्रश्न (भंडारा जिल्हा): धानाच्या बांधीत बदकं सोडली तर चालतील का? जवळच मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे.

उत्तर: चालतील, फायदाही होईल. बदकं तण, किडी आणि गोगलगायी खातात, त्यांच्या पायांनी चिखल ढवळला जातो. जपानमधले शेतकरी ताकाओ फुरुनो यांनी ही पद्धत नावारूपाला आणली, तिथे साधारण दहा गुंठ्यांएवढ्या बांधीत 15 ते 20 बदकं सोडतात. रोवणीनंतर दोन आठवडे थांबा, रोपं मुळं धरू द्या. तीन-चार आठवड्यांची पिल्लं सोडा, मोठी बदकं रोपं तुडवतात. लोंब दिसू लागली की बाहेर काढा, नाहीतर दाणे खातील. दाणेदार कीटकनाशक टाकलेल्या बांधीत, किंवा तिथून पाणी येणाऱ्या खालच्या बांधीत, बदकं सोडू नका.

तलावाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: हिवाळ्यात नको. स्थलांतरित रानबदकं तेव्हाच तलावावर उतरतात. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू कोंबड्यांमध्ये सापडला. बदकांची अडचण अशी की हा विषाणू काही वेळा त्यांच्या अंगात असतो आणि ती धडधाकट दिसतात, मरतात त्यांच्याशेजारच्या कोंबड्या. म्हणून बदकांचं आणि कोंबड्यांचं खुराडं, पाणी आणि भांडी वेगळी ठेवा. बदकांच्या कॉलऱ्याची लस तीन-चार आठवड्यांत आणि प्लेगची लस आठ ते बारा आठवड्यांत टोचून घ्या. एका-दोन दिवसांत बरेच पक्षी मेले तर मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नका, तलावात टाकू नका, कापून खाऊही नका. उरलेली बदकं बंद करा आणि 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा.