वडिलांची दुनळी बाराबोअर बंदूक घरच्या घरी कशी साफ करावी?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची दुनळी बाराबोअर आता रीतसर तुमच्या परवान्यावर आली आहे, गाव जांबोटीकडे आहे, पावसाळ्यात नळ्यांना गंज धरतो, तर घरी साफ कशी करायची आणि तेल कुठलं घालायचं. मी फौजेतून निवृत्त होऊन खानापूर तालुक्यातच शेती बघतो. रानडुकरांपायी आमच्याकडेही परवान्याची बंदूक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तेलाचं नंतर बघू. आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री. "परवाच काढून ठेवली होती काडतुसं" हे धरून चालायचं नाही, आणि तुमच्या हातात देणाऱ्याने तुमच्यासमोर बघितलं असलं तरी आपण पुन्हा बघायचं. तोंड माणसं-जनावरं नसलेल्या बाजूला, बोट चापाच्या बाहेर, मग खटका दाबून बंदूक मोडा, म्हणजे नळ्या खाली वाकवून मागून उघडा. काडतुसांची दोन्ही घरं डोळ्यांनी बघा, शिवाय करंगळी घालून चाचपा. संध्याकाळच्या उजेडात काळपट पडलेलं काडतूस नजरेला सहज चुकवतं. काडतुसांचा डबा त्या खोलीत ठेवूच नका, दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. पोरांना बाहेर पाठवा, फोन बाजूला ठेवा.

आता नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढा आणि नळ्या वेगळ्या करा. नळ्या सुट्या झाल्या की काम निर्धास्त होतं. मागच्या बाजूने दाराच्या उजेडाकडे धरून आत बघा. उजेडाची कडी एकात एक गोल दिसायला हवीत. कुठे कडं तुटलं किंवा काळी सावली पडली, तर तिथे आत काहीतरी आहे किंवा नळी आतून दबली-फुगली आहे. आपल्याकडे कुंभारीण माशी कपाटात उभ्या ठेवलेल्या नळीतसुद्धा चिखलाचं घर करते. तसं राहून बार काढला तर नळी फाटते, आणि पुढचं लाकूड धरलेला हात नळीखालीच असतो. म्हणून वापरण्याआधीही हे बघायचंच.

घासायला गज, पितळी तारांचा ब्रश आणि जुन्या सुती धोतराच्या चिंध्या पुरतात. गज मागून घाला, तोंडाकडे बाहेर काढा. ब्रशला काडतुसातल्या दारूचा मळ काढायचं सॉल्व्हंट लावून दहा-बारा वेळा फिरवा, थोडा वेळ मुरू द्या, मग चिंधी ओढा. पहिली काळीकुट्ट येते, चौथी-पाचवी पांढरी यायला लागते. काडतुसाच्या घराच्या पुढे, नळी जिथे निमुळती होते, तिथे शिसं आणि प्लॅस्टिकचा थर बसतो, तिथे जास्त घासा. सॉल्व्हंट मिळालं नाही तर रॉकेल चालतं, पण चुलीपासून लांब, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. रॉकेल मळ काढतं, गंजापासून वाचवत नाही. ते पुसून वरून तेल लागतंच. वडिलांच्या वेळची काळ्या दारूची काडतुसं वापरली असतील तर त्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, आणि नुसत्या तेलाने ती जात नाही. नळ्या गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरड्या करून मगच तेल.

तेल म्हणजे बंदुकीचं, नाहीतर शिलाई मशीनचं पातळ. खोबरेल नको! 24 अंशांच्या खाली ते थिजतं, आणि आपल्याकडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. चिंधीला लावून नुसता हात फिरवल्यासारखं पुसा. थबथबलेलं तेल दस्त्याच्या लाकडात उतरतं आणि लाकूड मऊ पडून खराब होतं, म्हणून पहिली रात्र बंदूक तोंड खाली करून ठेवलेली बरी. बार काढायच्या आधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने पुसून टाका. बाहेरच्या लाल गंजाला पॉलिश पेपर लावू नका, नळीला गंजापासून वाचवणारं निळसर पाणी (मुलामा) उडून जातं. अगदी बारीक स्टील वूल तेलात बुडवून हलक्या हाताने फिरवा.

खंडेनवमीला बंदुकीची पूजा आपण सगळेच करतो, करावीच. फक्त बंदूक रिकामीच पुजा, आणि कुंकू दस्त्याला लावा. नळीवर हळद-कुंकू आणि वरून नारळाचं पाणी पडलं की दिवाळीपर्यंत तिथे खवले आलेले असतात. त्याच संध्याकाळी पुसून तेल लावा.

ठेवताना कापडी किंवा चामड्याच्या पिशवीत नको, जून ते सप्टेंबर ती पिशवीच ओल धरून बसते. कपाटात मोकळी, कुलूप लावून. पावसाळ्यात पंधरवड्याला एकदा चिंधी फिरवा, घामेजल्या बोटांचे ठसेसुद्धा गंजतात. काम झालं की हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका, मळात शिसं असतं.

आतला कुलपाचा भाग, म्हणजे चापाची यंत्रणा, मात्र घरी उघडू नका. मोडून बसवल्यावर नळ्या डुगडुगत असतील, चाप ढिला असेल, आत खड्डे पडले असतील, तर परवाना असलेल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच न्या, परवाना सोबत घेऊन. तोवर बार काढू नका.

निवडणुका लागल्या आणि हत्यार ठाण्यात जमा करायला सांगितलं, तर आदल्या दिवशी साफ करून रोजच्यापेक्षा जरा जाड तेल लावा, पावतीवरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी ताडून घ्या. परत आणल्यावर सगळ्यात आधी नळ्या काढून उजेडाकडे बघा.