डॅलसचा १९८७चा नाताळ

‘अमेरिकेतल्या जुन्या प्रादेशिक रेसलिंगमध्ये सगळं आधी ठरलेलं असायचं, मग काही कथानकांवर लोक अजून का चिडतात?’ प्रश्न रास्त आहे. ही जुनी रेकॉर्डिंग्ज मी बरीच वर्षं बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुरा कुस्ती आहे म्हणून कोणी चिडत नाही. १९८० साली बिल वॉट्सच्या मिड-साउथ या रेसलिंग कंपनीत फ्रीबर्ड्स या खलनायकांच्या टोळीने केस काढायची क्रीम जंकयार्ड डॉग या पहिलवानाच्या डोळ्यांत घातली आणि तो आंधळा झाला, असं दाखवलं. त्याला नुकतीच मुलगी झालेली, आणि बापाला तिचं तोंडही बघता येत नाही! दक्षिणेतल्या टीव्हीवर कृष्णवर्णीय पहिलवान मुख्य नायक असणं हीच तेव्हा मोठी गोष्ट होती, त्यामुळे न्यू ऑर्लीन्स पेटून उठलं. ऑगस्टमध्ये तिथल्या सुपरडोम स्टेडियममध्ये रिंगभोवती पिंजरा लागला. डॉग आणि फ्रीबर्ड्सपैकी मायकेल हेज, दोघांच्या गळ्यात पट्टे, मधे साखळी; बघायला हजारो लोक. कथा भडक होती, क्रूरही होती. पण डॉगचे डोळे शाबूत होते आणि लोकांना हवा तो सूड मिळाला. मला त्यात काही गैर वाटत नाही.

डॅलसची गोष्ट वेगळी. तिथे वर्ल्ड क्लास या रेसलिंग कंपनीचा मालक फ्रिट्झ फॉन एरिक, म्हणजे जॅक ॲडकिसन, आणि नायक त्याचीच मुलं. १९८४च्या फेब्रुवारीत त्यांतला डेव्हिड टोकियोत वारला. मे महिन्यात टेक्सस स्टेडियममध्ये त्याच्या नावाचा झगा घालून त्याचा भाऊ केरी उतरला आणि तेव्हाचा चॅम्पियन रिक फ्लेअरला हरवून चॅम्पियन झाला. तिथवर ते लोकांचंही दुःख होतं. पुढच्या वर्षी खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर माइक या आणखी एका भावाला टॉक्सिक शॉक सिंड्रोम, म्हणजे जंतूंच्या विषामुळे होणारा जीवघेणा आजार, झाला. वाचला, पण पार खंगला, बोलणं अडखळायला लागलं. अशा पोराला ‘लिव्हिंग मिरॅकल’ म्हणून पुन्हा रिंगमध्ये आणलं. त्याच्या त्या मुलाखती मी एका बैठकीत कधीच पुऱ्या बघू शकलेलो नाही. एप्रिल १९८७मध्ये त्याने आयुष्य संपवलं. तेवीस वर्षांचा होता.

(याच काळात लान्स नावाचा एक खोटा चुलतभाऊही आणला होता. तो सोडून गेल्यावर फ्रिट्झनेच टीव्हीवर सांगितलं की हा आमचा कोणी नाही. घराण्याच्या नावावरचा विश्वास तिथेच अर्धा उडाला.)

आणि माइकला जाऊन आठ महिने होतात न होतात तोच, नाताळच्या रात्री, रियुनियन अरेनामध्ये फ्रिट्झवर हल्ला झाला आणि तो कोसळला. म्हणजे तसं ठरवलेलं होतं. नंतर कार्यक्रमात त्याच्या तब्येतीच्या बातम्या अशा गंभीर आवाजात दिल्या की ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारा आता जातो. ज्यांनी डेव्हिडसाठी आणि माइकसाठी खरंच डोळे पुसले होते, त्याच प्रेक्षकांना हे ऐकवलं. तिकिटं खपावीत म्हणून.

डॉगच्या वेळी लोक खलनायकावर संतापले होते. डॅलसवाले चिडले ते फ्रिट्झवर.