‘नर्स’ म्हणायची लाज वाटते काय भाऊ?

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोरीला बारावीला पीसीबीत ५८ टक्के, नीट दोनदा देऊन झाली, नंबर लागला नाही. आता कोण्या एजंटनं सांगितलं का बेंगलोरला ‘पेडियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर’ला बारावीवरच डायरेक्ट अॅडमिशन भेटते, पोरांच्या डॉक्टरसारखंच असते, मग अमेरिका, आणि त्यासाठी तुम्ही दोन एकर वावर विकायला काढलं. मी अडकलो ते तुमच्या एका वाक्यावर: ‘नुसती नर्स नाही म्हणजे सोयऱ्याधायऱ्यात सांगता येईल.’

म्हणजे वावर विकून तुम्ही एक शब्द विकत घेऊन राहिले. राग येईल, येऊ द्या. अडीच पानाच्या पत्रात पोरीला काय पाहिजे ते कुठंच नाही. उलट तक्रार आहे, का मोठ्या बहिणीचं बाळ कमी वजनाचं झालं तवा ही १७ दिवस जिल्ह्याच्या दवाखान्यात एसएनसीयूच्या, म्हणजे कमी वजनाच्या अन् आजारी नवजात बाळांच्या खास वॉर्डाच्या, दारात बसून राहिली, अभ्यास बुडवला, आणि घरी येऊन सिस्टरनं दाखवलं तसं वाटीचमच्यानं दूध पाजणं, बाळ छातीशी बांधून ऊब देणं बहिणीकडून करून घेत होती. तुम्ही ज्याच्यावर चिडले त्यातच मला तिचं उत्तर दिसलं. दीड किलोच्या बाळाच्या काडीएवढ्या हातात शीर शोधून सुई लावणारी बाई काय असते हे तुमच्या पोरीनं काचेतून पाह्यलंय, तुम्ही नाही.

आता गैरसमज काढतो. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे मागच्या दारानं डॉक्टर नाही, आणि बारावीनंतर डायरेक्ट तर कुठंच नाही, अमेरिकेतही नाही. तिथं आधी रजिस्टर्ड नर्स व्हा, मग मास्टर्स नाहीतर डॉक्टरेट करा, परीक्षा द्या, तवा कुठं पोरं तपासता येतात, औषध लिहिता येते. हा कोर्स १९६५ साली कोलोरॅडोत लॉरेटा फोर्ड नावाच्या नर्सनं आणि हेन्री सिल्व्हर या पोरांच्या डॉक्टरनं मिळून काढला, काहून तर खेड्यापाड्यातल्या, गरिबाच्या पोरांना डॉक्टर भेटत नव्हता म्हणून. ऐकल्यासारखं वाटते ना? आपल्याकडं इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे, दोन वर्षांचा, पण तोही बी.एस्सी. नर्सिंग आणि अनुभवानंतरच. पोरांचंच काम करायचं तर एम.एस्सी.ला चाइल्ड हेल्थ नर्सिंग घेता येते. म्हणजे कुठूनही जा, चार वर्षं ‘सिस्टर’ व्हायचा रस्ता चुकत नाही, आणि एजंट जे विकून राहिला ते बहुतेक साधं बी.एस्सी. नर्सिंगच असेल, नाव मोठं करून.

ते बी.एस्सी. नर्सिंग तर इथं महाराष्ट्रातच करता येते. राज्याच्या सीईटी सेलची बी.एस्सी. नर्सिंगची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, द्यायची, सरकारी कॉलेजचं नाव आधी, नाहीच जमलं तर तीन वर्षांचा जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा आणि मग त्याच्यावर पोस्ट बेसिक बी.एस्सी. कॉलेज कोणतंही असो, कौन्सिलची मान्यता पाहून घ्या.

अमेरिकेचं मी आत्ता बोलतच नाही, पाच-सात वर्षांनंतरचा विषय आहे तो.

अन् एक करा, आज रात्री जेवताना तिलेच विचारा, बाई तुले काय करायचं आहे, आणि ती ‘नर्स’ म्हणाली तर मान खाली घालू नका. वावराचा इसार घेतला नसेल तर घेऊ नका, घेतला असेल तर उद्याच परत करून या.