सातबाऱ्याला हात लावण्याआधी

वैमानिक होण्यासाठी घरचे शेत विकायचा विचार चालला आहे, असे तू लिहिलेस. सातबाऱ्याला हात लावण्याआधी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांनुसार वर्ग दोनची म्हणजे प्राथमिक आणि मग वर्ग एकची म्हणजे व्यावसायिक परवान्यासाठीची वैद्यकीय तपासणी करून घे, कारण दृष्टीचा किंवा रंग ओळखण्याचा गंभीर दोष उशिरा निघाला तर तोवरचा सगळा खर्च पाण्यात जातो. व्यावसायिक परवान्याला किमान २०० तासांचे उड्डाण लागते, त्यांपैकी १०० तास मुख्य वैमानिक म्हणून. गोंदियाजवळ बिरसीला प्रशिक्षणाची सोय आहे; मात्र संस्था कोणतीही निवड, शुल्कपत्रकापेक्षा तिथली किती विमाने खरोखर उडतात आणि मागच्या तुकडीला तास भरायला किती काळ लागला, हे तिथल्याच विद्यार्थ्यांना विचार. कार्यालयात गोड उत्तरेच मिळतात.

परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली, असे नाही. एटीआरसारख्या प्रवासी विमानाच्या टाइप रेटिंगचा, म्हणजे ते ठरावीक विमान उडवण्याच्या पात्रतेचा, खर्च पुष्कळदा उमेदवारावरच पडतो, शिवाय करारात बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट, असतो. पगाराचा काही भाग उडालेल्या तासांवर ठरत असल्याने कर्जाचा हप्ता निव्वळ मूळ पगारात बसतो का, ते पाहा. कॅप्टनपदासाठी लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या परवान्याला १५०० तास लागतात, तोवर सहवैमानिकाच्या पगारावरच घर चालवायचे आहे.